आज हवामान कसं आहे? : आमच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय संचालक मंडळ आणि मनुष्यबळ विभागाचे वरिष्ठ अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या विभागात रोज सकाळी एक प्रश्न फिरतो. "आज हवामान कसं आहे?" विचारणाऱ्याला पावसाची चिंता नसते. विभागप्रमुखांच्या केबिनला लागून जिचं टेबल आहे तिनं उत्तर द्यायचं असतं. "निरभ्र" म्हणजे रजेचा अर्ज पुढे करायला हरकत नाही. "ढगाळ" म्हणजे नुसती सही हवी असेल तरच आत जा. "वादळ" म्हणजे आज काही विचारू नका, काही सांगू नका, जमलं तर लांबच्या दारानं या. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण आमच्याकडे नव्या माणसाला शिकवावी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला ती आपोआप कळते.

ते टेबल माझं आहे. हे बिनपगारी हवामान खातं मी चार वर्षं चालवते आहे. कंपनीत मला अकरा वर्षं झाली.

गेल्या सोमवारी तुमचं परिपत्रक आलं. आमच्या विभागप्रमुखांकडे आणखी दोन विभाग सोपवले आहेत, असं त्यात होतं. त्याच परिपत्रकात पुढे एक वाक्य होतं, की वर्षभरात विभाग सोडून गेलेल्या पाच सहकाऱ्यांना 'कामाचा वेग झेपला नाही'. चौदा जणांच्या टीममधले पाच. खरं सांगते, बढतीवर मी गप्प बसले असते. वरच्यांचे निर्णय वरचे घेतात, आपण आपलं काम करावं, अशा वळणाची मी आहे. पण त्या वाक्यानंतर गप्प बसवेना.

पत्र खुलं का, असं तुम्ही विचाराल. बंद पत्रं लिहून झाली आहेत. गेल्या वर्षी मनुष्यबळ विभागाला मी एक मेल पाठवला, वर 'गोपनीय' असं ठळक लिहून. तीन दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि त्या मेलमधलं दुसरं वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या मेलला "नोंद घेतली आहे" एवढं उत्तर आलं. कुठे घेतली, ते आजवर कळलेलं नाही. म्हणून आता चारचौघांसमोर. कंपनीचं नाव मी लिहिलेलं नाही, साहेबांचं नाही, सहकाऱ्यांचंही नाही. बाहेरच्या वाचकाला नावं कळून काही मिळणार नाही, आणि तुम्हाला ती सांगायची गरज नाही.

एक गोष्ट आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. आमचे साहेब कामाला पक्के आहेत. ग्राहकांसाठी बिलिंगच्या ज्या प्रणाली आम्ही बांधतो आणि सांभाळतो, त्यांचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी, ते विभागप्रमुख व्हायच्या आधी, माझ्या हातून एका ग्राहकाच्या आठवडाभराच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. ते रात्रभर माझ्या शेजारी बसले. बॅकअपमधून एकेक फाइल परत आणली. सकाळी ग्राहकाचा फोन आला तेव्हा रिसीव्हर त्यांनी घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडून झालं." तो 'आमच्याकडून' मी विसरलेले नाही. तेच साहेब आज मीटिंगची सुरुवात "हे कुणी केलं?" या प्रश्नानं करतात. मधल्या काळात काय झालं याचं माझं उत्तर पुढे येईल. ते तुम्हाला आवडणार नाही.

आता तक्रारी.

पहिली वाईट बातमीबद्दलची. साहेबांचं एक आवडतं वाक्य आहे: "मला प्रॉब्लेम नको, सोल्युशन घेऊन या." ऐकायला बाणेदार आहे, मीटिंग रूमच्या भिंतीवर छापून लावलंही आहे. पण ऐकणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं? ज्या अडचणीचं उत्तर माझ्याकडे नाही ती मी पोटात ठेवायची. आणि मोठ्या अडचणीचं उत्तर एकट्यादुकट्याकडे कधी नसतंच. त्यामुळे आमच्याकडे किरकोळ अडचणी उत्तरासकट वर जातात आणि खऱ्या अडचणी खालीच मुरतात.

गेल्या वर्षी एका ग्राहकाच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणायच्या होत्या. आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेला. चाचणी करताना त्याला दिसलं की कधीच बंद झालेली काही खाती नव्या प्रणालीत पुन्हा चालू दिसताहेत. किती खाती, कशामुळे, हे त्याला सांगता येत नव्हतं. महिन्याभरापूर्वी अशीच एक अर्धीमुर्धी शंका त्यानं मीटिंगमध्ये काढली होती, तेव्हा साहेब म्हणाले होते, "अभ्यास करून बोलत जा, चौदा लोकांचा वेळ जातो." सगळे हसले. मीही हसले. या वेळी शंका त्यानं वहीत लिहिली आणि वही मिटली. तीन आठवड्यांनी प्रणाली सुरू झाली, बंद खात्यांच्या नावानं बिलं गेली, आणि पुढच्या नऊ रात्री आम्ही ते निस्तरत बसलो. तुमच्या चौकशी अहवालात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: 'मानवी चूक'. मुलाच्या अप्रेझलमध्ये तेच दोन शब्द उतरले आहेत.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होतं. चाकांच्या यंत्रणेत बिघाड झाल्याची शंका होती आणि कॅप्टन त्यात पुरते गुंतले होते, जवळजवळ तासभर. इंधन खाली चाललंय हे कॉकपिटमधल्या बाकी दोघांना दिसत होतं. ते बोललेही, पण आडून, चौकशी केल्यासारखं. "आत्ता उतरायलाच हवं" असं कुणी ठणकावून म्हटलं नाही. इंजिनं एकेक करून बंद पडली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे वस्तीत कोसळलं. विमानातल्या १८९ जणांपैकी १० जण गेले. चौकशी मंडळानं कॅप्टनचा दोष स्पष्ट लिहिला. पण बाकीच्या दोघांची काळजी कॅप्टनपर्यंत नीट पोचली नाही, हेही कारणांत लिहिलं. शिफारसही दोन्ही बाजूंची केली: कॅप्टननी सहकाऱ्यांना निर्णयात धरायला शिकावं आणि सहकाऱ्यांनी ठाम बोलायला. १९८१ मध्ये त्याच विमान कंपनीनं त्यासाठी वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि तसं प्रशिक्षण पुढे जगभरच्या विमानसेवांत रुजलं.

आमच्याकडे कुणाचा जीव गेला नाही. बिलं चुकली, माफी मागितली, संपलं. पण त्या मंडळानं जे लिहिलं ते तुमच्या अहवालात नाही. खालच्याचा आवाज वर का पोचला नाही, हा प्रश्नच त्यात कुणी विचारलेला नाही.

दुसरी तक्रार हिरव्या रंगाबद्दल. दर सोमवारी दहा वाजता तुमच्याकडे आमचा साप्ताहिक अहवाल येतो. तो मी भरते. काम ठीक असेल तर रकाना हिरवा, लक्ष घालायला हवं असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. गेल्या चौदा महिन्यांत तुम्हाला आमच्याकडून एकही लाल रकाना आलेला नाही. नोंदींचं स्थलांतर ज्या आठवड्यात कोसळलं, त्या आठवड्याच्या सोमवारीही नाही. आपल्या खुर्चीवरून याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही का? चौदा महिने काहीच अडलं नाही, असं काम मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

पिवळ्याचं काय होतं ते सांगते. अहवाल तुमच्याकडे जाण्याआधी साहेब तो टीमसमोर पडद्यावर लावतात. पिवळा रकाना दिसला की तो ज्याचा असेल त्याला विचारणा होते. "कधीपासून पिवळं आहे हे? मग आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. आधी सांगितलं असतं तर "एवढ्या लवकर हात टेकले?" असं ऐकावं लागतं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस स्वतःच मला निरोप पाठवतो, "ताई, माझं हिरवं करा, शुक्रवारपर्यंत होईल." मी करते.

२००६ मध्ये ॲलन मुलाली फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले. त्या वर्षीचा कंपनीचा तोटा १२ अब्ज डॉलरांच्या वर गेला, आणि वरिष्ठांच्या आठवडी बैठकीत तक्ते मात्र हिरवेगार. कंपनी बुडते आहे, तरी कुणाचंच काही बिनसलेलं नाही का, असं मुलालींनी विचारलं. पुढे एका बैठकीत मार्क फील्ड्स या अधिकाऱ्यानं नव्या गाडीचं काम अडलंय म्हणून लाल रकाना दाखवला. खोलीत सगळे गप्प. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यात मदत कोण करू शकेल, असं विचारलं. नंतरच्या बैठकांत इतरांच्या तक्त्यांवरही पिवळा आणि लाल दिसायला लागले. म्हणजे गाडीची अडचण होती तिथेच होती. टाळ्यांमुळे ती लपवायची गरज तेवढी संपली.

हे एकाच कंपनीचं उदाहरण झालं, असं म्हणाल. १९९० च्या दशकात ॲमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या टीमचा आणि त्यांच्या हातून होणाऱ्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, असा अंदाज होता. निघालं उलटं. जिथे नेतृत्व चांगलं तिथे नोंदवलेल्या चुका जास्त. त्या टीम चुका जास्त करत होत्या असं त्यातून निघत नव्हतं, तिथे चुकांबद्दल उघड बोललं जात होतं. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमच्या अभ्यासातून त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली. अर्थ सोपा आहे: इथे मी प्रश्न विचारला, चूक कबूल केली, शंका काढली, तर माझी शोभा होणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा भरवसा. आमच्या मनुष्यबळ विभागाच्या दरवर्षीच्या सादरीकरणात हे दोन शब्द असतातच. रंगीत चौकटीत.

तिसरी तक्रार चारचौघांत झापण्याची, आणि तिच्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. ज्या चुकीसाठी दोन मिनिटांचा फोन पुरला असता तिच्यासाठी वीस जणांना सीसीत ठेवून मेल येतो. मेलमध्ये काम कमी आणि माणूस जास्त असतो: 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती', 'तुम्हाला गांभीर्य नाही'. साहेबांचं म्हणणं, स्पष्ट बोललं की माणूस सुधारतो. तसं नेहमी होत नाही. क्लुगर आणि डिनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरीनं अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्राय माणसाचं लक्ष कामावरून काढून त्याच्या स्वतःवर नेतो तेव्हा तो उपयोगी पडत नाही. 'हा आकडा चुकला' असं म्हटलं की मी आकडा बघते. 'तुम्हाला गांभीर्य नाही' असं म्हटलं की मी दिवसभर स्वतःला बघते, आणि सीसीतले वीस जण मला बघतात.

रात्रीच्या मेसेजचं थोडक्यात. पावणेबारा वाजता टीमच्या ग्रुपवर साहेबांचं एक नुसतं प्रश्नचिन्ह येतं. '?' कुणाला, कशाबद्दल, काही नाही. मग चौदा घरांत चौदा माणसं उठून आपापलं काम तपासतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या जगातल्या छळाचा विचार करताना कामासंबंधीचे संदेशसुद्धा, फोन-संगणकावरचे धरून, मोजले आहेत. त्या प्रश्नचिन्हाला मी छळ म्हणत नाही. तो शब्द मोठा आहे, ज्यांनी खरा भोगलाय त्यांच्यासाठी तो राखून ठेवावा. पण आमचं ऑफिस आता इमारतीत मावत नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल.

या सगळ्यापेक्षा मला जास्त जाचतो तो बेभरवसा. कडक माणसाबरोबर काम करता येतं. माझे इथले पहिले वरिष्ठ विलक्षण कडक होते. अहवालात स्वल्पविराम चुकला तरी कागद परत यायचा. पण तो रोज परत यायचा, सगळ्यांचा यायचा, आणि का परत आला ते समासात लिहिलेलं असायचं. आम्ही स्वल्पविराम शिकलो. आत्ता तसं नाही. मंगळवारी ज्या गोष्टीवर हशा होतो, तिच्यावरच गुरुवारी मेल येतो. मग माणूस काम शिकायचं सोडून साहेब शिकतो. त्यांनी बॅग टेबलावर ठेवली की टाकली, दार लोटलं की आपटलं, 'गुड मॉर्निंग' एकदाच म्हणाले की कुणाचं नाव घेऊन. माझ्या टीममधली हुशार माणसं रोजचा पहिला तास या अभ्यासात घालवतात. तुम्ही पगार देता तो या अभ्यासासाठी नाही.

आता ते पाच जण. त्यांच्यापैकी चौघांनी राजीनामा देण्याआधी माझ्याशी बोलून घेतलं. एकीनं दुसरी नोकरी हातात नसताना नोटीस दिली. एकानं खालच्या पदावरची नोकरी घेतली. दोघं आज अशा ठिकाणी काम करताहेत जिथला वेग आपल्या दुप्पट आहे, आणि तिथे टिकून आहेत. तो नवा मुलगा पाचवा. त्यानं माझ्याशी बोलणं टाळलं. पाचही जणांनी तुमच्या मनुष्यबळ विभागाला जाताना मुलाखत दिली आहे. त्या मुलाखतींत 'वेग' हा शब्द किती वेळा आलाय, ते कृपा करून मोजा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं २०१५ मध्ये मांडलं होतं की वेगवेगळ्या टीममध्ये लोकांचं कामात किती मन आहे यात जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के व्यवस्थापकाशी जोडता येतो. हे त्यांच्या सर्वेक्षणातलं गणित आहे, आपल्या इमारतीतलं नाही. आपल्याकडचं गणित तुमच्या कपाटात आहे. ती पाच पाकिटं उघडा.

तो मुलगा माझ्याशी का बोलला नाही, ते मला माहीत आहे.

वही मिटण्याआधी तो माझ्या टेबलापाशी आला होता. हातात दोन पानांची छापील यादी होती, काही खात्यांवर पेन्सिलीनं गोल केलेले. "साहेबांना दाखवू का? नक्की काय आहे ते मला कळत नाहीये, पण काहीतरी आहे." मी केबिनच्या काचेतून आत बघितलं. साहेब फोनवर होते, उभे, खिडकीकडे तोंड करून. ती खूण मला पाठ आहे. मी म्हटलं, "आज नको. हवामान बरोबर नाही." त्यानं मान हलवली आणि यादी घडी करून वहीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी विसरले. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

म्हणून तुमच्या अहवालातल्या 'मानवी चूक' या शब्दांत मीही आहे. हे मी चौकशीत सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही, पण मीही सांगितलं नाही. या पत्राचं तेही एक कारण आहे, आणि हे लिहिल्याचे जे परिणाम असतील ते मला मान्य आहेत. साहेबांच्या रागाला वळसा घालता घालता मी टीमला सांभाळते आहे असं मला चार वर्षं वाटत होतं. त्यांचे तिखट मेल गोड करून खाली सांगायचे, खालची काळजी सौम्य करून वर सांगायची. मध्ये बसून दोन्हीकडचं पाणी घालून पातळ करणारी मी. टीम माझे आभार मानायची. खरी गोष्ट कुणालाच कळत नव्हती, ना त्यांना, ना टीमला, ना तुम्हाला.

आणि आता तो न आवडणारा भाग. दोन वर्षांपूर्वी तुमच्या तिमाही आढाव्याला आकडे दाखवायला म्हणून साहेबांनी मला बरोबर नेलं होतं. मी मागच्या खुर्चीवर होते. साहेब बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला तुमच्यापैकी एकानं त्यांना थांबवलं. "गोष्टी नकोत. होणार की नाही, एवढं सांगा." साहेबांना सांगायचं होतं की मुदत दोन आठवडे वाढवायला हवी, कारण चाचणी अपुरी आहे. त्यांच्या हातातल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. मीच टाइप केलं होतं. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "होईल." तुम्ही म्हणालात, "गुड." परत येताना लिफ्टमध्ये ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वादळ होतं.

तेव्हा मला कळलं की हवामान आमच्या मजल्यावर तयार होत नाही. "आमच्याकडून झालं" म्हणणारा माणूस "कुणी केलं?" विचारायला लागला, तो तुमच्या खोलीत शिकून. साहेबांना खुर्चीवरून काढा असं मी म्हणत नाही, म्हणूनच. त्यांच्या जागी दुसरे आणलेत आणि आढावा तसाच घेतलात, तर वर्षभरात मी त्यांचंही हवामान सांगायला लागेन.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातलं 'वेग झेपला नाही' हे वाक्य मागे घ्या, ज्या यादीला परिपत्रक गेलं त्याच यादीला कळवून. त्याआधी पाचही मुलाखती संचालक मंडळातल्या किमान दोघांनी स्वतः वाचाव्यात. सारांश नको, मूळ कागद. ते वाचून होईपर्यंत दोन नव्या विभागांचा कार्यभार थांबवा.

चौकशी अहवाल पुन्हा उघडा. शंका कधी निघाली, कुणाकडे आली, कुठे थांबली, हे त्यात लिहा. माझं नाव लिहा. त्या मुलाच्या नोंदीतून 'मानवी चूक' काढून टाका. तो आता इथे नाही, पण पुढची कंपनी त्याच्याबद्दल आपल्याला विचारू शकते.

साहेबांना मदत द्या. शिक्षा म्हणून दोन दिवसांचं शिबिर नको, तिथून येताना लोक फक्त फोल्डर घेऊन येतात. बोलणं, ऐकणं आणि रागाच्या पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं हे कुणातरी जाणकारानं त्यांच्याबरोबर बसून, कामाच्या खऱ्या प्रसंगांवर, काही महिने करून घ्यावं. वर्षातून दोनदा टीमनं त्यांच्याबद्दल मत द्यावं, बाहेरच्या माणसामार्फत, आणि कुणी काय लिहिलं ते ओळखू येणार नाही अशा पद्धतीनं. तीच पद्धत तुमच्यापर्यंत प्रत्येक पायरीला लागू असावी.

साप्ताहिक बैठकीत प्रमुखांनी शेवटी बोलावं. सुरुवात 'काय अडलंय' यानं व्हावी, आणि अडलेलं सांगणाऱ्याला पहिला प्रश्न 'काय हवंय' हा असावा. भिंतीवरचं ते वाक्य उतरवा.

रात्री आठनंतर आणि सुट्टीच्या दिवशी ग्रुपवर मेसेज नको. खरी आणीबाणी असेल तर फोन करावा, आम्ही उचलतो, आजवर उचलत आलो आहोत.

'गोपनीय' लिहिलेला मेल ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे कसा पोचला, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आणि तीन महिन्यांतून एकदा तुमच्यापैकी कुणी आमच्या मजल्यावर या, साहेब नसताना, तासभर. सादरीकरण नसेल. फक्त ऐका, आणि पहिल्या वेळी कुणीच काही बोललं नाही तर सगळं ठीक आहे असं समजून परत जाऊ नका. पुन्हा या.

पुढच्या तिमाही आढाव्याआधी उत्तर मिळावं अशी अपेक्षा आहे. या पत्राची एक प्रत मी साहेबांना त्यांच्या टेबलावर ठेवून दिली आहे, तुमच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. हवामान न बघता ठेवली.

या आठवड्याचा अहवाल भरून झाला आहे. दोन रकाने लाल आहेत, एक पिवळा. कुणाचे आहेत ते लिहिलेलं नाही, काय अडलंय आणि काय हवंय तेवढं लिहिलं आहे. सोमवारी दहा वाजता तो तुमच्याकडे पोचेल.

आपली नम्र,
केबिनशेजारच्या टेबलावरची